पाव डझन

“पाव डझन मिळतील का गं?” तळमजल्यावरच्या आजींनी खिडकीच्या गजांमागून विचारलं. २०२० चा एप्रिल संपत आला होता. रस्ते ओस पडलेले, आणि आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या फाटकात देवगडहून आलेला एक छोटा टेम्पो उभा. बागायतदारानं थेट पाठवलेल्या अठरा पेट्या त्यात होत्या. त्या उन्हाळ्यात मुंबई-ठाण्या-पुण्याच्या कितीतरी सोसायट्यांनी असाच आंबा मागवला. बाजाराचा भरवसा नव्हता, आणि झाडावर तयार झालेलं फळ काही टाळेबंदी उठायची वाट बघत नाही.

सतरा पेट्या ज्याच्या त्याच्या दारात गेल्या. अठरावी आठ घरांनी मिळून घेतली होती, ती फोडून वाटायचं काम माझ्याकडे आलं. पाच डझनाची पेटी, म्हणजे साठ आंबे. तीन घरांना एकेक डझन, तीन घरांना अर्धा-अर्धा, दोन घरांना पाव-पाव. हिशेब चोख बसत होता. पार्किंगमधल्या बाकड्यावर जुनी चादर अंथरली, हातमोजे चढवले आणि पेंढा बाजूला सारला. वास मास्क भेदून आत आला. वरच्या थराला नुकती हळद चढू लागली होती, खालचे अजून हिरवट होते, काहींच्या देठापासून चिकाचे काळे ओघळ वाळून गेले होते. एकेक उचलून चादरीवर मांडत गेले. साठातले चार डागी निघाले. दोन देठाशी मऊ पडलेले, एक काळवंडलेला, एकाला वाटेत पेटीचा खिळा लागलेला.

आता हे चार कुणी सोसायचे? तोलून घेतले असते तर प्रत्येकाच्या पिशवीतून थोडे ग्रॅम कमी झाले असते आणि कुणाला कळलंही नसतं. नगाचं तसं नाही. नग जातो तेव्हा अख्खा जातो, कुणाच्या तरी घरातून जातो. मी फोन करायला घेतले, तर डझनवाल्या तिन्ही घरांनी मी विचारायच्या आतच सांगितलं, आम्हाला अकरा द्या. चौथा आंबा आमच्या घरच्या अर्ध्या डझनातून गेला. आजींचे तीन पुरे तीन राहिले. गजांमधून पिशवी आत देताना मी विचारलं, “तीनच का, आजी? पुरतील?”

“एक देवापुढे, एक वॉचमनला, एक मला. चौथा घेऊन करू काय?”

त्या दुपारी हात धुताना माझ्या डोक्यात ‘पाव डझन’ हे दोन शब्द घोळत राहिले. पाव हा आपला, जुना, संस्कृत ‘पाद’ शब्दापासून झिजत आलेला. डझन इंग्रजांबरोबर आलेला. आणि दोघं असे बिलगून बसलेले की सांधा दिसू नये. आजींचं शिक्षण चौथीपर्यंतचं. हा शब्द त्यांनी पुस्तकातून घेतला नव्हता. केळीवाल्याकडून, कासाराकडून, अंडीवाल्याकडून घेतला होता. फळवाल्यापुढे उभं राहून आपण “केळी कशी डझन?” असं विचारतो तेव्हा परक्या भाषेतलं काही बोलतोय असं कुणाच्या मनातही येत नाही. हिंदीत हाच शब्द मध्ये एक ‘र’ घेऊन ‘दर्जन’ झाला. मराठीनं तो जवळजवळ जसाच्या तसा ठेवला, आणि मग आपले प्रत्यय लावायला सुरुवात केली. डझनाला, डझनानं, डझनावारी. सगळ्यांत छान म्हणजे डझनभर. ‘भर’ आपण लावतो तो मापाला आणि भांड्याला: मूठभर, ओंजळभर, पोतंभर, घरभर. डझनाला ‘भर’ लागला त्या दिवशी तो नुसता आकडा राहिला नाही, त्याचं भांडं झालं. म्हणूनच ‘डझन आंबे’ म्हटलं की बाराच मोजून घ्यायचे असतात, पण ‘डझनभर माणसं जमली’ म्हटलं की कुणी मोजायला जात नाही. नऊ असली काय, पंधरा असली काय, भांडं भरलं म्हणजे झालं.

त्याच फाटकावर तेव्हा महापालिकेचा एक कागद चिकटवलेला होता. चौथ्या मजल्यावरच्या एका घराला क्वारंटाइन केल्याची सूचना होती ती. क्वारंटाइन हा शब्द त्या दिवसांत पोराटोरांच्या तोंडी बसला होता, आणि त्याचं मूळ मला ठाऊक होतं. प्लेगच्या भीतीनं बंदरात आलेली जहाजं बाहेरच थोपवून धरायची पद्धत युरोपात पडली. आज आपण ज्याला दुब्रोवनिक म्हणतो त्या रगुसा शहरानं १३७७ मध्ये तीस दिवसांचा नियम केला. पुढे तो चाळीस दिवसांचा झाला. व्हेनिसच्या बोलीत चाळिसांचा जुडगा म्हणजे ‘क्वारंतेना’, त्याचं क्वारंटाइन झालं. आकड्याच्या शेपटीला एक प्रत्यय जोडायचा, की त्या आकड्याचा समूह तयार होतो. फ्रेंच भाषेत हीच खोड आहे. पंधरापासून ‘कँझेन’, म्हणजे आपला पंधरवडा. शंभरापासून ‘साँतेन’, म्हणजे आपला शेकडा. आणि ‘दूझ’ म्हणजे बारा, त्यापासून ‘दूझेन’, म्हणजे बारांचा जुडगा. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि त्याचा डझन झाला. तेव्हा आमच्या फाटकावर त्या दुपारी एकाच घराण्याचे दोन शब्द समोरासमोर आले होते. एक कागदावर चिकटून बसलेला, दुसरा पेंढ्यातून बाहेर येत होता.

इथवर आले आणि मग ‘दूझ’पाशी अडकले. कारण दूझच्या मागे लॅटिन आहे, आणि लॅटिनमध्ये बाराला म्हणतात ‘दुओदेकिम’. दुओ म्हणजे दोन, देकेम म्हणजे दहा. दोन आणि दहा. हे वाचल्यावर शाळेत थोडंसं संस्कृत शिकलेल्या कुणालाही आपोआप दुसरा शब्द आठवेल: द्वादश. द्व आणि दश. तेच दोन, तेच दहा, त्याच क्रमानं.

हे साम्य योगायोगाचं नाही, हे आता सगळं जग जाणतं. १७८६ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांची धातुरूपं आणि व्याकरण इतकं मिळतंजुळतं आहे की त्या एकाच, बहुधा आता न उरलेल्या, मुळातून निघाल्या असल्या पाहिजेत. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं विद्वानांनी हे काम केलं आणि ते पक्कं झालं. पण पुस्तकात वाचलेली गोष्ट आणि आंब्याच्या पेटीपाशी उभं राहून अंगाला भिडलेली गोष्ट यांत फरक असतो. ‘बारा’ हा शब्द मी जन्मल्यापासून म्हणते आहे. ‘डझन’ मी परका म्हणून वेगळा ठेवला होता. आणि हे दोघं सख्ख्या नात्याचे निघाले. एकाच घरातून निघालेल्या दोन बहिणी, एक पूर्वेला दिली, एक पश्चिमेला. हजारो वर्षांनी पश्चिमेकडची लेक जहाजातून इथे आली आणि मंडईत बहिणीशेजारी उभी राहिली. ‘डझन म्हणजे बारा’ असं आपण मुलांना शिकवतो, तेव्हा त्या दोघींची ओळख करून देत असतो.

दोघींचं रूप मात्र वाटेतच पार झिजून गेलं. द्वादशचं प्राकृतात ‘बारस’ झालं. ‘द्व’चा ‘ब’ झाला, ‘दश’मधला ‘द’ ‘र’ झाला. पुढे शेवटचा ‘स’ही गळाला आणि आपल्या हाती ‘बारा’ उरला. मधली पायरी मात्र आपण जपून ठेवली आहे. दिवाळीच्या तोंडावर येते ती वसुबारस. वारकरी एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी सोडतात, त्याला बारस सोडणं म्हणतात. तिथं तो जुना ‘स’ अजून जिवंत आहे. आणि ‘द्व’चा ‘ब’ होतो हे कळायला तर दुसरीतल्या मुलाचा पाढा पुरे. एरवी आपण दोनाला दोन म्हणतो, पण पाढा सुरू होतो तो ‘बे एके बे’ असा. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, सगळीकडे हा ‘ब’ दोनाची जागा धरून बसला आहे.

तिकडे डझनाचंही तेच. दुओदेकिम घासत घासत दूझवर आलं. म्हणजे डझनातला ‘ड’ तो दोन. ‘झ’ हा देकेमचा, आपल्या दहाचा, उरलेला तुकडा. आणि ‘न’ ही समूह दाखवणाऱ्या प्रत्ययाची शेपटी. तीन अक्षरं, तीन अवशेष. बारातला ‘रा’ आणि डझनातला ‘झ’ ही एकाच दहाची दोन रूपं आहेत. माझ्या मुलीला हे मी कागदावर लिहून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या ‘झ’कडे बघत बसली होती.

इंग्रजांचा स्वतःचा बारा, ‘ट्वेल्व्ह’, मात्र या रांगेतला नाही. त्यातला ‘ट्व’ म्हणजे दोनच, पण पुढचा भाग ‘उरणे’ या अर्थाच्या धातूचा आहे. दहा मोजून झाल्यावर दोन उरले, ते बारा. अकराचा ‘इलेव्हन’ही तसाच, एक उरला. हाताची बोटं संपली आणि समोर दोन फळं उरली, असा हा शब्द आहे.

मग प्रश्न पडतो की आपल्याकडे बारा होते, तर डझन घ्यायची गरज काय पडली? इथं मला वाटतं ते सांगते. बारा हा आकडा होता, पण बारा वस्तूंच्या जुडग्याला नाव नव्हतं. इतर जुडग्यांना होती. दोनांची जोडी, विसांची कोडी, शंभरांचा शेकडा. माझी आजोळची आजी तर विसांवरच सगळा व्यवहार करायची. साठ गोवऱ्या म्हणजे ‘तीन इसा’, शंभर म्हणजे ‘पाच इसा’. शंभर हा शब्द तिला येत नव्हता असं नाही, पण हाताला सवय विसांची. बारांचा जुडगाही आपल्याकडे एका ठिकाणी होता, पण तो वस्तूंचा नव्हता, काळाचा होता: तप. बारा वर्षांचं एक तप. ‘एक तप उलटलं’ असं आपण अजून म्हणतो. गुरूला राशिचक्राची फेरी पुरी करायला सुमारे बारा वर्षं लागतात, म्हणून नाशिकचा सिंहस्थही बारा वर्षांनी येतो. वर्षं मोजायला आपल्याकडे बारांचा शब्द होता, केळी मोजायला नव्हता. ती रिकामी जागा डझनानं भरली. इंग्रजीकडे बारा वर्षांना तपासारखा रोजच्या बोलण्यातला एकही शब्द नाही, हेही इथंच सांगून ठेवावंसं वाटतं.

बारा या आकड्यावर आपला जीव तर आधीपासूनच होता. मूल जन्मलं की बाराव्या दिवशी बारसं, माणूस गेलं की बारावं. गावगाडा बारा बलुतेदारांचा, अक्षरओळख बाराखडीची, ज्योतिर्लिंगं बारा. एखादा फार फिरलेला असला की तो बारा गावचं पाणी प्यायलेला. १७७४ च्या सुमारास राघोबादादांच्या विरोधात पुण्यात जे मुत्सद्दी एकत्र आले त्यांचंही नाव पडलं बारभाई. तेव्हा डझन आला तो काही उजाड रानात आला नाही. त्याच्यासाठी घर सारवून ठेवलेलं होतं.

या आकड्यात असं आहे तरी काय? माझं उत्तर मी त्या चादरीवर पाहिलं होतं. बाराचे निम्मे सहा, तिघांत चार-चार, चौघांत तीन-तीन, सहांत दोन-दोन. दहाला हे जमत नाही. दहाचा पाव अडीच. आजींना अडीच आंबे कसे द्यायचे? दहा हा आकडा आपल्याला बोटांनी दिला. बारा बाजारानं निवडला, कारण बाजारात आणि घरात रोज वाटणी असते. बारांचे बारा केले की घाऊक बाजारातला ‘ग्रोस’ होतो, एकशे चव्वेचाळीस. तोही फ्रेंचच, ‘मोठा डझन’ अशा अर्थाचा. बटणं, पेन्सिली असल्या मालाच्या घाऊक व्यवहारात तो वापरतात.

आणि बोटांनी फक्त दहाच दिले असं म्हणणंही पुरतं खरं नाही. आजोळची आजी जपाला बसायची तेव्हा मी तिच्या मांडीला टेकून तिचा हात बघत बसायची. अंगठा सोडला तर चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, एकूण बारा. अंगठा या पेरांवरून फिरायचा. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, खाली, मग करंगळीवरून वर, अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, आणि तर्जनीवरून खाली. मधल्या बोटाची खालची दोन पेरं ती सोडून द्यायची. तो मेरू, त्याला ओलांडायचं नाही, म्हणायची. दोन सोडली की राहिली दहा. म्हणजे एकाच तळहातात बाराही होते आणि दहाही, आणि दोन्हींचा मान राखला जात होता. धोब्याचे कपडे मोजायचे असले की मात्र मेरूबिरू काही नाही, सगळ्या बारा पेरांवरून अंगठा भरभर जायचा. तिच्या गळ्यातली माळ एकशे आठ मण्यांची. नऊ डझन, हे मला फार पुढे सुचलं.

माझ्या आईवडिलांच्या पिढीनं एक मोठी उलथापालथ पाहिली. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, किंवा आण्याच्या बारा पै. पै न पैचा हिशेब आपण अजून मागतो, ती ही पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनामापांचा कायदा १९५६ मध्ये झाला होता. त्यामागोमाग शेर, मण, पायली, वार एकेक करून दुकानातून गेले आणि किलो, लिटर, मीटर आले. इंग्लंडनं स्वतः बारा पेन्सचा शिलिंग सोडला तो पुढे, १५ फेब्रुवारी १९७१ ला. या सगळ्यातून डझन वाचला. कायद्यानं माप बदललं तेव्हा तोलायची वजनं बदलली, लांबी मोजायच्या पट्ट्या बदलल्या. डझनाला वजनही लागत नव्हतं, पट्टीही नाही. तो मोजायला मोजणाऱ्याचे दोन हात पुरत होते, आणि ते जप्त करता येत नव्हते. शाळेतल्या फूटपट्टीच्या एका काठावर बारा इंच तेवढे टिकून राहिले, दुसऱ्या काठानं सेंटिमीटर आले.

इंग्लंडात डझन तेराचाही असतो, पाववाल्याचा डझन. तेराव्या शतकात, तिसऱ्या हेन्री राजाच्या काळात, पाव आणि बिअरच्या वजनाचे-दरांचे कायदे झाले आणि कमी वजनाचा पाव विकणाऱ्याला शिक्षा होऊ लागली. भट्टीत पाव कमीजास्त फुगणारच, म्हणून धास्तीनं पाववाले डझनावर एक जास्त द्यायचे, असं त्याचं कारण सांगतात. दुसरं कारण असं देतात की दारोदार पाव विकणाऱ्या फेरीवाल्याला तो तेरावा त्याचा नफा म्हणून मिळायचा. मला दोन्ही पटतात. भीतीपोटी सुरू झालेली गोष्ट पुढे कुणाची तरी भाकरी होऊ शकते.

आपल्याकडे तेरावा म्हटला की आधी दुष्काळातला तेरावा महिनाच आठवतो. पण मागच्या दारानं येणाऱ्या कासाराचा तेरावा मी पाहिला आहे. मावशीच्या लग्नाआधी तो आमच्या माजघरात टोपली घेऊन बसला होता. हिरव्या बांगड्यांचा डझन दोऱ्यात ओवलेला. त्यानं दोरा सोडला, मावशीचा हात हातात घेतला, बोटांचे सांधे हळूहळू दाबून सैल केले आणि एकेक बांगडी चढवायला लागला. उजव्या हातात सहा. डाव्या हातात सहा. मग टोपलीतून आणखी एक काढली आणि डाव्या हातात सरकवली. आई पैसे मोजताना म्हणाली, “तेरा झाल्या की.” तो म्हणाला, “डझनाचेच घ्या, ताई. ती लेकीची.” सात आणि सहा, मावशी हात हलवून त्या वाजवून बघत होती, आणि डाव्या हाताचा आवाज किंचित भरीव येत होता, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

‘वर एक’ हा आपला शब्द. भाजीवर कढीपत्ता, डझनावर केळं. वजनकाट्यावर हे होत नाही. काटा आकडा दाखवतो, त्या आकड्याला रुपयांनी गुणतो आणि मोकळा होतो. मागायला आणि द्यायला मध्ये जागाच ठेवत नाही.

म्हणून मला अलीकडे जे दिसतं आहे त्याची काळजी वाटते, आणि ती मोकळेपणानं सांगते. केळी किलोवर गेली. मोठ्या दुकानांत आंबाही किलोवर, जाळीच्या पिशवीत, वर दराची चिठ्ठी. किलो प्रामाणिक आहे, हे मला मान्य आहे. लहान फळं मोठ्यांच्या भावात गळ्यात मारायची सोय त्यात राहत नाही. पण आंब्याच्या धंद्यानं याचाही विचार फार आधी करून ठेवला होता. पेटी एकाच मापाची, तिच्यात किती डझन बसतात त्यावरून फळाचा आकार कळायचा. चार डझनाची पेटी म्हणजे मोठा आंबा, भाव चढा. सहा डझनाची म्हणजे लहान, भाव उतरता. एका आकड्यात फळाची जात नाही, पण अंगलट कळायची, आणि बाजारात कुणालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

आणि खाणं नगावरच असतं. घरात माणसं किती, पाहुणे किती, नैवेद्याला किती, शेजारी किती, हे सगळं आपण नगात धरतो. दीड किलो आंबे म्हटल्यावर किती जणांना पुरतील ते सांगता येत नाही. डझन म्हटलं की आई क्षणात सांगायची: आज चार रसाला, उद्या चार, दोन मुलांना कापून, एक कामाच्या बाईंना, एक तुझ्या बाबांना दुपारी. बारा संपले. किलोत ही माणसं दिसत नाहीत. दर चिठ्ठीवर छापलेला असला तरी कामाच्या बाईंचा आंबा कुठल्या ग्रॅमात धरायचा?

तळमजल्यावरच्या त्या आजी आता नाहीत. त्यांच्या घरात नवं कुटुंब राहायला आलं आहे. मागच्या मे महिन्यात स्टेशनाबाहेर एका हातगाडीवर आंबे बघितले आणि थांबले. गाडीवर तरुण मुलगा होता, पुढ्यात इलेक्ट्रॉनिक काटा. “कसा डझन?” मी विचारलं. त्यानं किलोचा भाव सांगितला. मी म्हटलं, “मला डझनावर हवेत.” तो थोडा गोंधळला, मागे वळून म्हणाला, “अण्णा, डझन मागतायत.” गाडीमागे खोक्यावर त्याचे वडील बसले होते. उठले, गुडघ्यावर हात टेकून सावकाश आले. काटा एका बाजूला सरकवला. पिशवीचं तोंड उघडून मुलाच्या हातात धरायला दिलं.

डाव्या हातात दोन, उजव्या हातात दोन, चारही फळांचे देठ वर. “लाभ,” ते म्हणाले आणि चार आंबे पिशवीत अलगद ठेवले. धान्य मापताना मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, लाभ म्हणतो, ते मी लहानपणी खळ्यावर ऐकलं होतं. आंब्याला ऐकत होते ते पहिल्यांदाच. “दोन.” पुन्हा चार. तिसऱ्या खेपेला एक फळ त्यांना पसंत पडलं नाही, नाकाशी धरलं, परत ठेवलं, दुसरं घेतलं. “तीन. मोजून घ्या, ताई.”

मी मोजू लागले. पिशवीत बघत एकेक आंबा डोळ्यांनी उचलत होते आणि अंगठा नकळत करंगळीच्या खालच्या पेरावर जाऊन बसला होता. करंगळीची तीन, अनामिकेची तीन, मधल्या बोटाची तीन. तर्जनीच्या टोकाशी अंगठा पोचला तेव्हा पिशवीच्या तळाचा शेवटचा आंबा माझ्याकडे देठ करून होता.